बंगल्याची घडणावळ

नागपुरात हा वाद पुन्हा पुन्हा पेटतो. सिव्हिल लाइन्स, धरमपेठ किंवा रामदासपेठेतला एखादा जुना बंगला विकला गेल्याची कुणकुण लागते, फाटकाबाहेर निळे पत्रे उभे राहतात आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘अहो, हेरिटेज आहे ते, हात कसा लावतात?’ दुसरा म्हणतो, ‘कसलं हेरिटेज? छपराचे कवेलू गळतात, भिंतींना ओल आलीये, मुलं परदेशात. होऊ द्या ना तिथे फ्लॅट स्कीम.’ दोघंही तावातावानं बोलतात. पण हेरिटेज कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि एकदा ठरलं की मालकाचं काय होतं, हे विचारलं की दोघांचाही आवाज खाली येतो.

मला या विषयाची ओढ लागली ती शिकत असताना. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याची मोजमापं घ्यायला आम्ही चौघं आठवडाभर जात होतो. हातात टेप, ओळंबा आणि आलेखाचा कागद. त्या आठवड्यात जे पाहिलं त्याच्या आधारानंच हा सगळा गुंता उलगडून सांगतो.

वजन आणि घडणावळ

इतवारीच्या सराफ्यात आजीची ठुशी मोडायला नेली तर सराफ आधी ती काट्यावर ठेवतो. वजन, तूट, आजचा भाव, संपला हिशेब. ज्या कारागिरानं ते बारीक मणी एकेक करून बसवले त्याच्या हाताचे पैसे, म्हणजे घडणावळ, मोडीत शून्य धरली जाते. ठुशी वितळली की सोनं सगळं उरतं, ठुशी मात्र उरत नाही.

जुन्या बंगल्याचा बाजारभावही असाच काट्यावर ठरतो. जमीन किती चौरस फूट, पुढचा रस्ता किती रुंद, वर किती मजले चढतील. उभ्या घराची किंमत पुष्कळदा उणेच धरतात, कारण ते पाडायला आणि मलबा उचलायला खर्च येतो. सागवानी दारं, तुळया आणि जुन्या विटा विकून त्यातला थोडा वसूल करतात, इतकंच.

वारसामूल्य म्हणजे त्या घराची घडणावळ. त्या घरामुळे आपल्याला जे कळतं, जे आठवतं आणि जे पुन्हा कितीही पैसे ओतून घडवता येत नाही, त्याचं मोल. एवढा एकच शब्द या लेखात पारिभाषिक म्हणून लक्षात ठेवा, बाकीचे येतील तसे सोडवू.

हे मोल काट्यावर दिसत नाही, म्हणून ते आधी लिहून काढावं लागतं. ऑस्ट्रेलियातल्या बर्रा नावाच्या जुन्या खाणगावात १९७९ साली संवर्धनाची एक सनद स्वीकारली गेली. जगभरातले जाणकार आजही तिचा आधार घेतात. तिचा गाभा अगदी साधा आहे: आधी वास्तूचं महत्त्व समजून घ्या, मग तिचं काय करायचं ते ठरवा, आणि बदल करायचाच तर लागेल तेवढा, पण कमीत कमी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. व्यवहार आधी ठरतो, पाडण्याची तारीख ठरते आणि मग कुणीतरी विचारतं की हे घर महत्त्वाचं होतं का.

भिंती काय सांगतात

नुसतं जुनं असणं पुरत नाही. केंद्राच्या १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, पण मोल काही वयानंच येत नाही. आपल्या उच्च न्यायालयाची इमारत १९४० साली खुली झाली. तिची शंभरी अजून यायची आहे, तरी तिच्या महत्त्वाबद्दल कुणी वाद घालणार नाही. उलट शंभरी ओलांडलेली एखादी गोदामाची भिंत काहीच सांगत नसेल, तर तिचं वय हे नुसतं वय.

मग बंगला काय सांगतो? आधी हे शहर कसं घडलं ते पाहू. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इथे इंग्रजांचा वरचष्मा झाला, १८५० च्या दशकात भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि १८६१ साली नागपूर मध्य प्रांताची राजधानी बनलं. राजधानी म्हटली की अधिकारी आले आणि अधिकारी आले की त्यांची घरं आली. महाल-इतवारीच्या दाट वस्तीपासून दूर, सीताबर्डीची टेकडी मध्ये ठेवून, मोठमोठी आवारं आखली गेली. १८६७ मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पैसा आला, वकिली वाढली, आणि हळूहळू वकील, व्यापारी आणि गावोगावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, यांनीही बंगले बांधले. पुढे १९३६ च्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास, आपली नासुप्र, अस्तित्वात आली आणि शहराच्या आखीव लेआउटना वेग आला. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राजधानीपण गेलं, बंगले राहिले. ज्या शहराला आपण कधीकाळी राजधानी होतो हे मुलांना पटवून सांगावं लागतं, त्या शहरासाठी हे बंगले पुरावे आहेत.

आता प्रत्यक्ष घरात शिरू. आम्ही मोजलेल्या बंगल्यात मधल्या हॉलचं छत १६ फुटांवर होतं आणि बाहेरच्या भिंती पावणेदोन फूट जाड होत्या. तिन्ही बाजूंनी व्हरांडा. छताला लागून छोट्या आडव्या खिडक्या, त्या उघड-बंद करायला खालपर्यंत लोंबणाऱ्या दोऱ्या. मे महिन्यात, बाहेर पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, आम्ही त्या हॉलमध्ये फरशीवर बसून डबे खाल्ले आणि पंखा लावायची आठवण कुणालाही झाली नाही. ऊन व्हरांड्यावरच अडतं, भिंत तापायला दुपार उलटते, आणि गरम हवा वर जाऊन त्या खिडक्यांतून निघून जाते. दारांना पूर्वी खसच्या ताट्या लावायचे, त्यांचे हूक अजून चौकटीत होते. वीज नसताना या शहरात उन्हाळा कसा काढायचा, याचं पाठ्यपुस्तकच ते. आज आपण काचेचे दर्शनी भाग करतो आणि आतला उकाडा एसीनं बाहेर ढकलतो, तेव्हा हे पुस्तक उघडं असलेलं बरं.

पण मला त्याहून मोलाची वाटली ती घराची मांडणी. पुढून बंगला पक्का साहेबी: गाडी उभी राहील असा पोर्च, गोल खांब, कोट-टोप्या अडकवायची खुंटाळी. मागे गेलं की दुसरंच घर. चौक, तुळशीवृंदावन, विहीर, न्हाणीघर, पूर्वेला तोंड केलेलं देवघर आणि मुख्य घरापासून सुटं स्वयंपाकघर. पुढे इंग्रज अधिकाऱ्याला चहा द्यायचा आणि मागे सोवळं सांभाळायचं. एकाच छपराखाली बंगला आणि वाडा. या दोघांमधल्या दारापर्यंत कुणी यायचं, कुणी थांबायचं, बायका कुठून ये-जा करायच्या, हे त्या नकाशात स्पष्ट वाचता येतं. असं कुठल्या दस्तऐवजात लिहून ठेवलेलं नसतं.

आणि एक भोक. हॉलच्या मागच्या भिंतीत, साधारण दहा फुटांवर, सुपारीएवढं. आधी आम्हाला ते वायरचं वाटलं. शिडी लावून पाहिलं तर भोकाची बाहेरच्या बाजूची खालची कड घासून अशी गुळगुळीत झाली होती, जशी विहिरीच्या काठावर दोरानं खाच पडते. घरातल्या आजींनी सांगितलं, ‘पंख्याची दोरी होती ती.’ छताला टांगलेला कापडी झालरीचा पंखा, त्याची दोरी भिंतीतून आरपार मागच्या व्हरांड्यात, आणि तिथे जमिनीवर बसून ती दिवसभर ओढणारा माणूस. आत बसलेल्यांना वारा मिळायचा, ओढणारा बाहेर उकाड्यात. त्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नाही. त्यानं केलेल्या कामाची नोंद म्हणून ती खाच तेवढी आहे.

कधीकधी भिंतींत काहीच विशेष नसतं आणि मोल येतं तिथे राहिलेल्या माणसामुळे. लंडनच्या एका श्रीमंत भागातलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर त्या रस्त्यावरच्या इतर घरांसारखंच आहे. पण १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून तिथे राहिले होते, म्हणून २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. उलट उदाहरण मुंबईचं. मलबार हिलवरचा ‘मेहरांगीर’ हा होमी भाभांचा बंगला २०१४ मध्ये ३७२ कोटींना लिलावात गेला आणि २०१६ मध्ये पाडला गेला. काट्यावर वजन चोख भरलं. ज्या घरात भाभा राहिले ते घर मात्र आता फक्त छायाचित्रांत आहे.

आवारही मोलाचाच भाग असतं. फाटकापासून पोर्चपर्यंतचा वळणाचा रस्ता, कडुलिंब, चिंच, मागची विहीर हे सगळं मिळून बंगला होतो. झाडांबद्दलचा एक कायदेशीर बदल फार थोड्यांना माहीत आहे: राज्याच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षांवरच्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. तेव्हा बंगला यादीत नसला तरी त्याच्या अंगणातली चिंच कायद्यानं हेरिटेज असू शकते.

‘पण ही तर साहेबांची घरं!’

हा आक्षेप मी मनापासून समजू शकतो. परक्या सत्तेनं आपल्या पैशावर उभारलेली ऐसपैस घरं आपण का जपायची? त्यावर माझं उत्तर १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात आहे. नागपुरात तिरंगी झेंडा घेऊन मिरवणूक निघाली की ती सिव्हिल लाइन्समध्ये शिरू द्यायची नाही, असा हुकूम होता. तो मोडण्यासाठी देशभरातून सत्याग्रही इथे आले, जमनालाल बजाजांना अटक झाली आणि पुढची सूत्रं वल्लभभाई पटेलांनी हाती घेतली. हजाराहून अधिक माणसं तुरुंगात गेली. एवढं सगळं ज्या हद्दीवरून घडलं ती हद्द या बंगल्यांचीच होती. रुंद रस्ते, उंच आवारभिंती आणि आत खोलवर दडलेली घरं पाहिली की हुकूम कशासाठी होता ते डोळ्यांना दिसतं. ते सगळं पुसून टाकलं तर सत्याग्रहाच्या गोष्टीतली जागाच निघून जाते.

वारसा म्हणजे अभिमानाच्याच वस्तू, असं मानलं की गोंधळ होतो. ती पंख्याच्या दोरीची खाच अभिमानाची नाही, पण ती खरी आहे. शिवाय यातले कित्येक बंगले साहेबांनी बांधलेले नाहीतच. ते आपल्याच माणसांनी, आपल्याच गवंड्यांकडून आणि सुतारांकडून करून घेतले.

यादी कोण करतं?

इथे तीन वेगवेगळ्या याद्यांची गल्लत होते. पहिली केंद्राची, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची: किल्ले, लेणी, प्राचीन मंदिरं. त्या स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगीची अट असते. दुसरी राज्याच्या पुरातत्त्व विभागाची. तिसरी शहराची, आणि आपल्या बंगल्यांचा संबंध बहुतेक वेळा या तिसरीशीच येतो. शेजारचा बंगला शहराच्या यादीत गेला म्हणून तुमच्या घरावर १०० मीटरची बंदी येत नाही. ही भीती निष्कारण पसरते आणि तिच्यामुळे शेजारीच विरोधात उभे राहतात.

शहराची यादी राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्याखाली, विकास नियंत्रण नियमांतून येते. असे वारसा नियम देशात पहिल्यांदा मुंबईत १९९५ साली आले, नंतर नागपुरासह इतर शहरांत. नागपूरच्या यादीत दीडशेहून अधिक वास्तू आणि स्थळं आहेत. झिरो माइलचा दगड आणि कस्तुरचंद पार्क ही त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली नावं. या वास्तूंबाबत सल्ला द्यायला हेरिटेज संवर्धन समिती असते. यादीतल्या इमारतीत काही करायचं असेल तर प्रस्ताव मनपा किंवा नासुप्रमार्फत या समितीपुढे जातो. नवी वास्तू यादीत घेताना लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, म्हणजे कुणीतरी रातोरात शिक्का मारून जातो असं नाही.

ग्रेड लागला की खिळाही ठोकता येत नाही?

ग्रेड म्हणजे जपणुकीची कडक-सैल पातळी. घरातल्या वस्तूंवरून पाहा. देव्हाऱ्यातला पिढीजात टाक आपण पुसतो, पण घासून त्याचे नाकडोळे पुसट करत नाही. आजीच्या पैठणीला नवं अस्तर लावून ती नेसतो, पण काठ-पदर कापत नाही. आणि जुना शिसवी पलंग? त्याला नवी गादी, नवं पॉलिश, हवं तर खाली कप्पेही करून घेतो.

ग्रेड एक हा टाकासारखा: राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू. इमारत टिकवायला आवश्यक असेल तेवढंच काम, आतही आणि बाहेरही. ग्रेड दोन पैठणीसारखा: शहराच्या किंवा प्रदेशाच्या दृष्टीनं महत्त्व. बाहेरचं रूप सांभाळून आत बदल करता येतात, नवा वापर देता येतो, आणि यातल्या ‘ब’ वर्गात त्याच आवारात जुन्याला शोभेल अशी जोड इमारतही विचारात घेता येते. ग्रेड तीन पलंगासारखा: त्या गल्लीचा, त्या वस्तीचा चेहरा घडवणाऱ्या वास्तू. इथे आत-बाहेर बदल आणि वाढीव बांधकाम यांना बरीच मोकळीक असते, फक्त त्या जागेचं मूळ रूप बिघडू नये एवढं पाहतात.

बंगले साधारणपणे दोन किंवा तीनमध्ये बसतात. म्हणजे नवं स्वयंपाकघर, बाथरूम, एसी, लिफ्ट यातलं काही आपोआप निषिद्ध होत नाही. परवानगी लागते, वेळ जातो, चकरा होतात. तो त्रास खरा आहे. पण यादीत आलेलं घर गोठून जातं हा समज चुकीचा. उलट वापरात राहिलेलं घरच टिकतं. सिव्हिल लाइन्समधल्या चिटणवीस सेंटरकडे पाहा. एका जुन्या घराण्याच्या आवारात आज व्याख्यानं, प्रदर्शनं, लग्नकार्यं होतात आणि झाडंही उभी आहेत.

मालकानं एकट्यानं का सोसायचं?

हा सगळ्यात रास्त प्रश्न आहे, आणि वारसाप्रेमी मंडळी त्याला नेहमी बगल देतात. आनंद सगळ्या शहराचा आणि कवेलू बदलायचा खर्च एका सेवानिवृत्त माणसाचा, हे बरोबर नाही.

नियमांत यावर एक तोड आहे, ती समजून घ्यायला एफएसआय कळायला हवा. भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण म्हणजे एफएसआय, मराठीत चटईक्षेत्र निर्देशांक. रेशन कार्डावरच्या कोट्यासारखा तो असतो. समजा भूखंड १०,००० चौरस फुटांचा आहे आणि निर्देशांक १, तर कोटा १०,००० चौरस फुटांचा. जुना बंगला त्यातले ३,००० वापरतो. उरलेले ७,००० चौरस फूट मालकाला वारशामुळे तिथे वापरता येत नसतील, तर तो कोटा दुसऱ्या भूखंडावर नेण्याचं किंवा विकण्याचं प्रमाणपत्र मिळू शकतं. हाच टीडीआर, हस्तांतरणीय विकास हक्क. कोटा तुमचा, उचलायचा दुसऱ्या दुकानात.

कागदावर ही युक्ती उत्तम आहे. अडचण अशी की प्रमाणपत्र मिळायला फेऱ्या माराव्या लागतात, मिळाल्यावर त्याचा भाव बांधकामाच्या बाजारावर हलतो, आणि छप्पर तर या पावसाळ्यातच गळत असतं. माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या टीडीआरवर भागणार नाही. दुरुस्तीसाठी थेट अनुदान, मालमत्ता करात भरीव सूट आणि जुन्या कामातला जाणकार अभियंता विनामूल्य, एवढं शहरानं दिलं तरच मालकाकडे ‘जपा’ म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

सिव्हिल लाइन्सच्या बाबतीत आणखी एक पदर आहे, नझूलचा. इथले कित्येक भूखंड सरकारी मालकीचे असून पट्ट्यानं दिलेले आहेत. पट्ट्याची मुदत संपली की नूतनीकरण, त्याचं भाडं, वापराच्या अटी. आखीव पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या जमिनीच्या सरकारी उताऱ्यावर, हे सगळं चढलेलं असतं. अलीकडे अशा जमिनी पैसे भरून पूर्ण मालकीच्या करून घेण्याच्या योजनाही आल्या. म्हणजे जमीन मुळात सरकारची असताना वारशाचा विचार करायची संधी सरकारकडे स्वतःहून चालून येते: पट्टा वाढवताना किंवा जमीन मोकळी करताना, घर जपणाऱ्याला दर कमी. ही सवलत देणं मला टीडीआरहून कितीतरी सोपं वाटतं.

‘घर तर पडायला आलंय’

गळकं छप्पर, पोपडे धरलेल्या भिंती, भेगा. हे दिसलं की धोकादायक इमारतीचा शेरा लवकर मिळतो. पण आजारी असणं वेगळं आणि मरणाच्या दारात असणं वेगळं. तापानं फणफणलेल्या माणसाला कुणी थेट घाटावर नेत नाही.

जुनी घरं चुन्यात बांधलेली आहेत. चुना, वाळू, विटांची भुकटी म्हणजे सुरखी, हे घाण्यात मळून, कुठे त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून केलेलं मिश्रण. हा चुना मऊ असतो आणि श्वास घेतो: भिंतीत शिरलेली ओल हळूहळू बाहेर सोडतो. मग घरमालक डागडुजी म्हणून वरून सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत रंग मारून घेतात. ओल आत कोंडते, वर चढते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे. लोक म्हणतात भिंत जुनी झाली. पुष्कळदा भिंत ठणठणीत असते, तिच्यावरचा रेनकोट चुकीचा असतो.

भेगांचंही तसंच. नागपूरच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घर वर्षातून एकदा हलकेच वर-खाली होतं. चुन्याचा सांधा थोडं लवचीक वागून ते पोटात घालतो. म्हणून भेग दिसली की आधी तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून वर्षभर लक्ष ठेवतात. पट्टी फुटली तर भेग चालू आहे, नाही तर ती जुनी आणि झोपलेली. तपासणीचा अहवाल कुणी दिला यापेक्षा त्यानं चुन्याचं घर कधी हाताळलंय का, हे विचारा. ज्यानं आयुष्यभर फक्त आरसीसी पाहिलंय त्याला चुन्याची प्रत्येक भिंत कमकुवतच वाटते.

अर्थात काही घरं खरोखर गेलेली असतात. वाळवीनं तुळया पोकळ झालेल्या, पाया खचलेला, आत राहणाऱ्यांच्या जिवाला धोका. तिथे हट्ट धरू नये.

‘समोरची भिंत ठेवू, मागे टॉवर बांधू’

मधला मार्ग म्हणून हे हल्ली सुचवलं जातं. किंवा म्हणतात, छान फोटो काढा, ड्रोननं चित्रीकरण करा, मग पाडा. नोंद करून ठेवायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण आमरसाच्या फोटोनं जेवण होत नाही. मे महिन्याच्या दुपारी त्या हॉलमध्ये लागणारा गारवा फोटोत येत नाही. पोर्च आणि चार खांब ठेवून मागचा चौक, देवघर, व्हरांडा काढला तर बंगल्यातला वाडा गेला, म्हणजे नेमकं जे दुर्मीळ होतं तेच गेलं. राहिलं ते सगळ्या गावांत सापडणारं साहेबी तोंड. ग्रेड तीनच्या एखाद्या घरात, जिथे मोल खरोखर रस्त्यावरच्या चेहऱ्यातच आहे, तिथे हा मार्ग चालेल. म्हणूनच आधी लिहून काढायचं की मोल कशात आहे.

तुमच्या घराण्याचा असा बंगला असेल तर

विकायचा की नाही हा तुमचा प्रश्न, त्यावर बाहेरच्यानं बोलू नये. पण निर्णयाच्या आधी एक रविवार द्या. आखीव पत्रिकेचा जुना उतारा काढा. घर कुणी आणि कधी बांधलं, गवंडी-सुतार कुठले होते, हे घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला विचारा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. जुने फोटो मागून पाहा. लग्नाच्या फोटोत माणसांमागे दारं, खिडक्या, फरश्या असतात. मग घरभर फिरून, कशाचा उपयोग आज कळत नाही अशा सगळ्या गोष्टी टिपून ठेवा: बुजवलेली दारं, रिकामे हूक, भिंतीतली कडी. वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेचा नागपूर विभाग आहे, वास्तुकलेचे विद्यार्थी आहेत, ते मापं घ्यायला हौसेनं येतात. हे सगळं चार पानांत बसतं. ती चार पानं समितीपुढे, खरेदीदारापुढे, वास्तुविशारदापुढे ठेवता येतात.

आम्ही मोजलेला तो बंगला पाडला गेला नाही. तिथे आता एक कार्यालय आहे, व्हरांड्यात कुंड्या आहेत, छप्पर नवं आहे. दोन वर्षांपूर्वी मी आत गेलो तेव्हा मन भरून आलं. मग मागच्या भिंतीकडे पाहिलं. सगळी भिंत एकसारखी, पांढरीशुभ्र. रंगकाम करणाऱ्यानं भोक बुजवून टाकलं होतं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी येऊन आमचे जुने नकाशे उघडले. खांब होते, कमानी होत्या, खिडक्यांची मापं इंचात होती. ते भोक आम्हीही काढलेलं नव्हतं.

आजींच्या बोलण्यावरून आणि माझ्या आठवणीवरून मी एक रेखाचित्र केलं: फरशीपासूनची उंची, दारापासूनचं अंतर, मागच्या व्हरांड्यात तो माणूस बसत असेल ती जागा. ते त्या कार्यालयाला देऊन आलो. पुढच्या रंगकामाच्या वेळी पाहू म्हणाले. भोकात भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, वरवरचीच असते. पत्र्यानं हलकेच खरवडली तर खाच तशीच सापडेल.